जाळी पानाची, जाळी पंखाची

मागच्या अंकात पानांच्या आकारांवर लेख होता. त्यानंतर आलेली पत्रं बहुतेक शिरांविषयी आहेत. काहींनी पानांच्या शिरांबद्दल विचारलंय, काहींनी किड्यांच्या पंखांतल्या. पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली तेव्हा एकाचं उत्तर दुसऱ्याला उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून सगळी एकत्र घेतो आहे. शिरांचं कुठलंही जाळं समोर आलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: यातून काय वाहतं? आणि मधेच कुठे तुटलं तर पुढे काय होतं? खालच्या उत्तरांतही हे दोन प्रश्न येत राहतील.

आमच्या पुस्तकात लिहिलंय की एकबीजपत्री झाडांच्या पानांत शिरा समांतर असतात आणि द्विबीजपत्री झाडांच्या पानांत जाळी. आई अळूवड्या करत होती तेव्हा मी पान उलटं करून पाहिलं, तर चक्क जाळी दिसली. पण अळू एकबीजपत्री आहे असं आमचे सर म्हणतात. मग पुस्तक चूक की सर?
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, संगमनेर

दोघंही बरोबर आहेत, आणि पान उलटं करून बघितलंस हे फार चांगलं केलंस. अळू एकबीजपत्रीच, सुरणाच्या कुळातलं. पुस्तकातला नियम बहुतेक झाडांना लागू पडतो म्हणून तो आधी शिकवतात. पण त्याला अपवाद बरेच आहेत. घोटवेल, कोनफळ, कणगर या एकबीजपत्री वेलींची पानं मिळाली तर बघ. देठापासून निघालेल्या ठळक शिरा आणि त्यांच्यामध्ये भरगच्च जाळी दिसेल. याच्या उलट इसबगोल द्विबीजपत्री, पण त्याच्या अरुंद पानात शिरा जवळजवळ समांतर धावतात. केळ, हळद, कर्दळ यांचा प्रकार तिसराच: मधे एक जाड शीर, आणि तिच्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक समांतर शिरा. केळीचं पान वाऱ्याने फाटतं ते नेमकं या बारीक शिरांच्या मधल्या जागेतून.

जाळीदार पानं असलेल्या एकबीजपत्री झाडांत एक गोष्ट वारंवार आढळते. त्यातली बरीचशी झाडं सावलीत, जंगलाच्या तळाशी वाढणारी आहेत. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की एकबीजपत्री वंशांत जाळीदार शिरा अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवल्या, आणि बहुधा सावलीतल्या जागी. सावलीत ऊन थोडं, म्हणून पान रुंद आणि पातळ हवं. असं पान आडवं पसरून धरायचं तर फाटे फुटणाऱ्या शिरा समांतर शिरांपेक्षा कमी सामग्रीत जास्त आधार देतात.

आता आईने वड्यांसाठी पान कसं तयार केलं ते आठव. पान पालथं घालून तिने मागच्या जाड शिरा सुरीने तासल्या असतील आणि वरून लाटणं फिरवलं असेल. तसं केलं नाही तर गुंडाळी करताना पान मोडतं. ते ज्यामुळे मोडतं तोच ताठपणा झाडाला हवा असतो, आणि म्हणूनच जाड शिरा खालच्या बाजूला उठून आलेल्या असतात. तासलेल्या शिरेचा तुकडा भिंगाखाली धर. तिच्यात दोन प्रकारच्या नळ्या असतात. पानाच्या वरच्या अंगाला जलवाहिन्या, मुळांकडून पाणी आणणाऱ्या. खालच्या अंगाला रसवाहिन्या, पानात तयार झालेली साखर बाहेर नेणाऱ्या. अळूच्या बाजूच्या शिरा कडेशी पोचल्यावर संपत नाहीत. त्या वळून एकमेकींना मिळतात आणि कडेने एक शीर थेट टोकापर्यंत जाते. पावसाळ्यात पहाटे उठून अळूच्या टोकाकडे बघ. थेंब जमतो, गळतो, पुन्हा जमतो. लोक त्याला दव समजतात, पण ते पानाच्या आतलं पाणी असतं. रात्री मुळं पाणी ढकलत राहतात, पान ते वाफेने बाहेर टाकत नाही, मग ते टोकाच्या छिद्रांतून झिरपतं.

आणि समांतर शिरांबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्वारीचं पान उन्हाकडे धरून बघ. लांब शिरांना आडव्या जोडणाऱ्या अगदी बारीक शिरा दिसतील. म्हणजे तिथेही जाळी आहेच, फक्त चौकटीची. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांत दोन शेजारच्या शिरांमध्ये जेमतेम दोन-चार पेशींचं अंतर असतं, कारण ही पिकं शिरेभोवतीच्या पेशींच्या वेटोळ्यातच साखर बनवतात. कडक उन्हात ती तग धरतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्यात. दुकानदार म्हणतो लोह कमी पडलंय, सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारा. शेजारी म्हणतो व्हायरस आहे. कुणाचं ऐकायचं?
– शेतकरी, जालना जिल्हा

पिवळं नेमकं काय पडलंय ते बघा: शिरा, की शिरांच्या मधली जागा? सगळं निदान त्यावर आहे. घाईत असाल तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचं सावकाश वाचा.

शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, म्हणजे हिरव्या पानावर पिवळी जाळी काढल्यासारखी दिसत असेल, तर तो हळद्या, यलो व्हेन मोझॅक. शेजाऱ्याचं बरोबर. हा विषाणू मुख्यतः रसवाहिन्यांत राहतो आणि त्यांच्यातूनच झाडभर पसरतो, म्हणून पहिली खूण शिरांवर उमटते. पुढे पान सगळंच पिवळं पडतं, भेंड्या फिकट, लहान आणि राठ होतात. पसरवणारी पांढरी माशी. ती सोंड थेट रसवाहिनीत खुपसून रस पिते, त्यामुळे विषाणूला चढायला आणि उतरायला वाट आयतीच मिळते. यावर कोणतंही खत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य चालत नाही, आणि लागण झालेलं झाड बरं होत नाही. सुरुवातीलाच दिसलेली झाडं उपटून नष्ट करा, बांधावरची रानभेंडी काढा, पिवळे चिकट सापळे लावा आणि पांढऱ्या माशीकडे लक्ष ठेवा. पुढच्या हंगामात वाण निवडतानाच हळद्याचा विचार करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी दिला होता आणि त्याने वर्षानुवर्षं चांगलं काम केलं. विषाणू बदलत जातो तशी वाणाची ताकद कमी होते, म्हणून सध्या तुमच्या भागात कोणता वाण टिकतो ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच बियाणं घ्या.

उलट, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर अन्नद्रव्याची कमतरता. त्यातही पान कोवळं की जुनं ते बघा. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत असं दिसलं तर लोहाची कमतरता, कारण जुन्या पानात एकदा बसलेलं लोह झाड उचलून नव्या पानाला देऊ शकत नाही. खालच्या जुन्या पानांत दिसलं तर बहुधा मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून कोवळ्याला देतं, त्यामुळे आधी जुनं पान फिकं पडतं. दोन्ही वेळी शिरा शेवटपर्यंत हिरव्या राहतात, कारण जे थोडंफार येतं ते त्यांच्यापाशी आधी पोचतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. उसावर केवडा पडतो तो बऱ्याचदा यातूनच.

तुमच्या पत्रात ‘शिरा पिवळ्या’ असं स्पष्ट आहे. तेच खरं असेल तर फवारणीचे पैसे वाचवा.

पावसाळ्यात मुलांबरोबर पिंपळाच्या पानांची जाळी करते. पानं पाण्यात ठेवतो, कुजली की घासतो. बाकी सगळं कुजतं आणि जाळीच का उरते? आणि जाळी इतकी दाट कशाला? एक मधली शीर आणि तिच्या फांद्या एवढ्यावर भागलं नसतं का?
– प्राथमिक शिक्षिका, चिपळूण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पानाच्या मऊ पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोज आणि पेक्टिनच्या. पाण्यातले जिवाणू आणि बुरशी त्या तीन-चार आठवड्यांत खाऊन टाकतात. जलवाहिन्यांच्या आणि त्यांच्याभोवतीच्या तंतूंच्या भिंतींत लिग्निन असतं, तेच जे लाकडाला कठीण करतं. लिग्निन कुजायला फार वेळ लागतो. म्हणून मुलांच्या हाती येतो तो पानाचा लाकडी भाग. रसवाहिन्यांच्या भिंतींत लिग्निन नसतं, त्यामुळे त्या जाळीतून नाहीशा झालेल्या असतात. तयार जाळी म्हणजे केवळ पाणी आणणारी अर्धी व्यवस्था, हे मुलांना जरूर सांगा. धुण्याच्या सोड्यात पान उकळूनही जाळी लवकर निघते, पण लहान मुलांच्या वर्गात कुजवणंच बरं. सोड्याचं गरम पाणी अंगावर उडालं तर भाजतं.

दुसरा प्रश्न मात्र असा आहे, की त्याचं समाधानकारक उत्तर मिळायला २०१० साल उजाडलं. तुम्ही म्हणता तशी फांद्यांची रचना, म्हणजे कुठेही वळसा न घेणारी, प्रत्येक ठिकाणी पोचायला एकच वाट असलेली, हीच खरं तर सगळ्यात स्वस्त. पाण्याचा प्रवाह कायम सारखा असेल आणि काहीही तुटणार नसेल, तर गणित सांगतं की वळसे ठेवणं हा निव्वळ तोटा. मग फुलझाडांच्या बहुतेक पानांत वळशावर वळसे का? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेनी काटिफोरी आणि त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे फ्रान्सिस कोर्सों यांनी त्या वर्षी दाखवलं, की गणितात दोन खऱ्या गोष्टी घातल्या की वळसे आपोआप येतात. एक, शिरा कुठेतरी तुटणार. दोन, पानाच्या वेगवेगळ्या भागांची गरज सतत बदलणार, कारण ऊन सरकतं, सावली सरकते. गावाला बाहेर जायचा एकच रस्ता असेल आणि ओढ्याच्या पुराने तो तोडला, तर गाव अडकतं. दुसऱ्या बाजूने वळसा घालणारा कच्चा रस्ता असेल तर दूध शहराला पोचतं, उशिरा का होईना. पानाची जाळी हे असे कच्चे रस्ते मोठ्या संख्येने आधीच बांधून ठेवते.

काटिफोरी यांच्या गटाने केलेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. लिंबाच्या पानाच्या मधल्या शिरेला छिद्र पाडलं आणि देठातून चमकणारा रंग सोडला. रंग छिद्रापाशी आला, बाजूच्या शिरांत शिरला, लहान-लहान वळशांतून फिरत पलीकडे मधल्या शिरेत पुन्हा उतरला आणि टोकापर्यंत गेला. हाच प्रयोग गिंकोच्या पानावर केला. गिंको हा ज्युरासिक काळापासून टिकून राहिलेला वंश. त्याच्या पानातल्या शिरा देठापासून दोन-दोन फाटे घेत कडेकडे पसरतात आणि सहसा पुन्हा जुळत नाहीत. तिथे छिद्रापलीकडे कडेपर्यंतचा पट्टा रंगाविनाच राहिला.

फुलझाडांनी शिरा दाट करून आणखी एक मोठा फायदा मिळवला. नेचे आणि सूचिपर्णी झाडं यांच्या पानांत एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २ मिलिमीटर लांबीच्या शिरा असतात. फुलझाडांत सरासरी ८, काहींत त्याहून कितीतरी जास्त. शीर जवळ असली की पाणी पेशीपर्यंत पटकन पोचतं, पानाला छिद्रं जास्त वेळ उघडी ठेवता येतात आणि जास्त हवा आत घेता येते.

पुढच्या वेळी मुलांना पिंपळाची जाळी उजेडाकडे धरायला सांगा. सर्वांत लहान चौकटींच्या आत काही शिरा शिरतात आणि मधेच थांबतात, कुणालाही न जुळता. मोठ्या जाळीत वळसे आणि शेवटच्या टोकाला एकेरी वाट, असं दोन्ही एकाच पानात आहे.

चतुराच्या पंखाचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. पानाच्या जाळीशी इतकं साम्य, की दोन्हींमागे निसर्गाचं एकच सूत्र असावं असं वाटतं. तसं सूत्र आहे का?
– स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

चित्र सारखं दिसतं, पण ते घडतं फार वेगळ्या रीतीने, आणि काम तर त्याहून वेगळं. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या शाखेला यातलं बरंच उपयोगी पडेल.

पावसाळा संपत आला की तळ्याकाठच्या लव्हाळ्यावर पहाटे चतुर बाहेर पडताना बघायला मिळतो. पाण्यातली अळी वर चढते, पाठीवरची कातडी फाटते, आणि पंख बाहेर येतात ते चुरगळलेल्या ओल्या गोळ्यांसारखे. मग चतुर शरीरातलं रक्त पंखांच्या शिरांत ढकलतो आणि घड्या उलगडू लागतात. पंख पूर्ण लांबीला आले तरी आधी दुधट दिसतात, मग काही तासांत पारदर्शक आणि ताठ होतात. त्या क्षणापासून पंखात नवी शीर येत नाही, जुनी वाढत नाही. मेफ्लाय सोडली तर पंख फुटल्यावर कुठलाही कीटक पुन्हा कात टाकत नाही. चिरलेला पंख चिरलेलाच राहतो. पान वाढता वाढता शिरा घालत जातं. पंखाचा सगळा नकाशा घडी उलगडण्याआधीच पुरा झालेला असतो.

पंख म्हणजे त्वचेचे दोन थर एकमेकांवर दाबलेले. जिथे थर चिकटले तिथे पडदा, अगदी पातळ. जिथे पोकळी राहिली तिथे शीर. या शिरांतून कीटकाचं रक्त फिरतं, मोठ्या शिरांतून हवेच्या नळ्या आणि चेतातंतूही जातात. रक्त साधारणपणे पुढच्या कडेच्या शिरांतून टोकाकडे जातं आणि मागच्या शिरांतून परत येतं. हा प्रवाह मंद असतो, पण तो थांबला की पंख वाळून ठिसूळ होतो. तरीही पंखाच्या शिरेचं पहिलं काम वाहण्याचं नाही. तिला आधी भार पेलायचा असतो.

तुमच्या फोटोत पुढच्या कडेला लहान चौकोन आणि मागच्या बाजूला पाच-सहा कोनांच्या चौकटी दिसत असतील. पुढची कड हवा कापते, तिला ताठ राहायला हवं; मागचा भाग वाकायला हवा. पंख आडवा कापला तर तो सपाट नसतो, पन्हळी असतो. एक शीर घडीच्या माथ्यावर, पुढची घडीच्या तळाशी. एवढ्या पातळ पडद्याला लांबीच्या दिशेने मोडू न देणं हे या घड्यांमुळे जमतं. पंखाच्या टोकाजवळ एक गडद, जाड ठिपका असेल, टेरोस्टिग्मा. तो केवळ शोभेचा नाही. स्वीडनचे ऑके नॉरबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की या छोट्याशा वजनामुळे चतुर न फडफडता तरंगत असताना पंख थरथरायला लागण्याचा वेग १० ते २५ टक्क्यांनी वर जातो. विमानाच्या पंखांना ही थरथर किती घातक ठरते ते तुम्ही शिकलाच असाल.

आता तुटण्याचा प्रश्न. पानाला चिरेपलीकडे पाणी पोचवायचं असतं. पंखाला चीर पुढे जाऊ द्यायची नसते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये यान-हेनिंग डिर्क्स आणि डेव्हिड टेलर यांनी टोळाचे पंख ताणून फाडले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. चीर पडद्यातून सहज धावते, पण आडव्या शिरेपाशी आली की अडते. शिरांमुळे पंखाचा फाटण्याला होणारा विरोध सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो. यापेक्षा मला जास्त विलक्षण वाटतं ते असं: टोळाच्या पंखातल्या चौकटींचा आकार बहुतांशी एक मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि ज्या लांबीपुढे चीर बेकाबू होते ती लांबीही जवळपास तेवढीच. शिरा याहून विरळ असत्या तर चीर थांबली नसती. याहून दाट असत्या तर नुसतं वजन वाढलं असतं.

हा नकाशा काढतं कोण? २०१८ मध्ये हार्वर्डमधल्या एका गटाने चतुर आणि टाचण्यांच्या अनेक जातींचे पंख मोजून एक साधं प्रारूप मांडलं. मोठ्या, लांब शिरा जातीगणिक ठरलेल्या. त्यांच्या जागा फारशा बदलत नाहीत. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काही केंद्रं उमटतात, आणि प्रत्येक केंद्र आपल्याजवळ दुसरं उमटू देत नाही. दोन केंद्रांच्या मधोमध शीर तयार होते. केंद्रं समान अंतरावर पसरली की आपसूकच पंचकोन-षट्कोन येतात, आणि पंख त्यानंतर ज्या दिशेला ताणला जातो त्या दिशेने चौकटी लांबतात. म्हणूनच एकाच चतुराच्या डाव्या आणि उजव्या पंखातल्या लहान चौकटी हुबेहूब जुळत नाहीत. मोठ्या शिरा जुळतात. फोटोत मोजून बघा.

पानाची गोष्ट निराळी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले त्स्वी साक्स यांनी १९६० च्या दशकात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून ती उलगडायला सुरुवात केली. कोवळ्या पानात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होतं आणि खोडाकडे झिरपतं. ज्या पेशींतून ते थोडं जास्त गेलं, त्या पेशी ते वाहून नेण्यात अधिक कुशल होतात; त्यामुळे आणखी ऑक्झिन त्यांच्याकडे वळतं, आणि अखेर त्याच रांगेची शीर बनते. पानात प्रवाह आधी येतो आणि शिरेची जागा तो ठरवतो. पंखात लहान शिरांची जागा केंद्रांमधल्या अंतराने ठरते, रक्त त्यांच्यातून नंतर फिरतं. बारकाव्यात अजून बरंच उलगडायचं आहे, विशेषतः पानातले वळसे नेमके कसे जुळतात याबाबत. पण दोन्ही जाळ्यांचं एकच सूत्र नाही, एवढं खात्रीने सांगता येतं.

याच पंखांवर भटका चतुर, पँटाला फ्लेव्हेसेन्स, ऑक्टोबरच्या सुमाराला थव्याथव्यांनी मालदीवमध्ये उतरतो. तिथे गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे थवे भारताकडून येतात आणि वाऱ्याबरोबर पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. भरसमुद्रावर पंख चिरला तर दुरुस्तीची सोय नाही, हे लक्षात घेऊन तो फोटो पुन्हा एकदा बघा.

आंबोलीच्या वाटेवर वाळक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू टिपलं. पंख मिटले की मधली शीर आणि बाजूच्या शिरासुद्धा दिसतात. या पंखाच्याच शिरा असतात का?
– छायाचित्रकार, सावंतवाडी

नाही, आणि ते तुमच्या फोटोतच सिद्ध करता येईल. तुमचं फुलपाखरू ब्लू ओकलीफ, सह्याद्रीत आढळणारं. पंख मिटलेला फोटो पूर्ण मोठा करा. ‘पानाची मधली शीर’ पुढच्या पंखाच्या टोकापासून निघून मागच्या पंखाच्या शेपटीपर्यंत जाते, आणि ती शेपटी देठ वाटते. पंखाच्या खऱ्या शिरा मात्र अंगाकडून कडेकडे जातात. खोटी शीर त्या खऱ्या शिरांना आडवी छेदत जाते. ती खवल्यांच्या रंगांची रेघ आहे, तीही सलग नाही. दोन खऱ्या शिरांमधल्या प्रत्येक कप्प्यात तिचा एक तुकडा, आणि सगळे तुकडे एका ओळीत आले की सलग रेघेचा भास होतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या पंखावरचे तुकडे जुळतात ते फुलपाखरू बसून पंख नेमके जुळवून ठेवतं तेव्हाच. उडताना हे चित्र फुटलेलं असतं आणि वरची निळी झाक दिसते.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी सुमात्रातल्या याच्या भावंडाचं वर्णन ‘द मलय आर्किपेलॅगो’ या १८६९ च्या पुस्तकात केलं आहे. एवढी हुबेहूब नक्कल एका झटक्यात आली असेल का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये जवळच्या जातींच्या पंखांची तुलना करून दाखवलं, की इतर फुलपाखरांच्या पंखांवर असतात तेच पट्टे आणि तेच ठिपके टप्प्याटप्प्याने सरकत, सरळ होत आणि जुळत गेले.

आता त्याच वाटेवर पानासारखा हिरवा नाकतोडा शोधा. त्याच्याकडे उलट तऱ्हा आहे. त्याच्या पुढच्या पंखावर जी ‘मधली शीर’ दिसते ती खरोखर पंखाची शीर असते. फुलपाखराने शीर रंगवली, नाकतोड्याने असलेली शीर जागेवर आणली. शेजारी शेजारी छापायला हे दोन फोटो मिळाले तर जरूर पाठवा.

झाडाच्या ढोलीतून पकडलेली वसाहत सातेरीची की मेलिफेराची, हे मेलेल्या माशीवरून सांगता येईल का?
– मधपाळ, महाबळेश्वर परिसर

येईल. मागचा पंख पांढऱ्या कागदावर पसरून दहापट भिंगाने बघा. सातेरीच्या मागच्या पंखात मधली शीर आडव्या शिरेच्या पुढेही वाढून छोट्या फाट्यासारखी बाहेर निघालेली असते. मेलिफेरात तो फाटा सहसा नसतो. एका माशीवर विसंबू नका, आठ-दहा बघा. पुढच्या पंखातल्या एका विशिष्ट कप्प्याच्या शिरेच्या दोन तुकड्यांचं गुणोत्तर काढून मधमाश्यांच्या उपजाती ओळखण्याचीही जुनी पद्धत आहे, पण त्याला सूक्ष्मदर्शक आणि सराव लागतो. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत याबाबत मार्गदर्शन मागता येईल.

नात विचारते, रातकिडा तोंडाने ओरडत नाही तर पंखाने वाजवतो, हे खरं का? मला नीट सांगता आलं नाही.
– एक आजी, ठाणे

खरं आहे, आणि वाजते ती शीरच. नर रातकिड्याच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला एका शिरेवर बारीक दातांची रांग असते. दुसऱ्या पंखाची कडा तिच्यावर घासली की प्रत्येक दातागणिक एक ठोका बसतो, आणि ठोके इतके भराभर पडतात की आपल्याला सलग स्वर ऐकू येतो. शिरांनी वेढलेले पंखाचे काही मोठे, सपाट कप्पे त्या ठोक्यांबरोबर थरथरतात आणि आवाज मोठा करतात. मादीच्या पंखात ही दातांची शीर नसते, म्हणून ती गात नाही. पुढच्या पायांवरच्या कानांनी ती नराचं गाणं ऐकते आणि त्याच्याकडे जाते.

नातीला दाखवायचं असेल तर कुंडीखाली मेलेला रातकिडा सापडतो का बघा. जिवंत पकडू नका. पुढचे पंख चिमट्याने अलगद उचलून उलटे करा, खांद्याजवळ आडवी गेलेली जाड शीर शोधा आणि चांगल्या भिंगातून बघायला द्या. दात दिसले तर नखाने हलकेच घासून बघायला तिला सांगा. पंख अजून वाळून ठिसूळ झालेला नसेल तर कानाशी धरल्यावर बारीक खर्र असा आवाज येतो.